दवाखान्याबाहेरचा आजार

पेरू देशातल्या इका खोऱ्यात लॉस मोलिनोस नावाचं एक खेडं आहे. १९५०च्या आसपास तिथे दोनशेएक कुटुंबं राहत होती. पिण्याचं पाणी दूषित, त्यामुळे विषमज्वर आणि हगवण नित्याची. सरकारी आरोग्य खात्याने नेलिदा नावाची आरोग्यसेविका तिथे नेमली. गावातल्या बायकांना पाणी उकळायची सवय लावायची, हे तिचं एक मुख्य काम. नेलिदा चिकाटीची होती. दोन वर्षं ती घरोघर फिरली, काही घरांत तर पुन्हा पुन्हा गेली, मधूनमधून डॉक्टरांना आणून त्यांची व्याख्यानंही ठेवली. दोन वर्षांनी हिशेब केला तेव्हा नव्याने पाणी उकळू लागलेली घरं भरली ११.

असं का झालं याचा शोध एडवर्ड वेलिन या मानवशास्त्रज्ञाने घेतला. गावात खाण्यापिण्याच्या प्रत्येक पदार्थाची उष्ण किंवा थंड अशी प्रकृती ठरलेली होती. आजारी माणसाने फार थंड ते टाळायचं, म्हणून त्याच्यासाठी पाणी उकळायचं. धडधाकट माणसाने ते पिणं म्हणजे विनाकारण आजाऱ्याचं पथ्य पाळणं. उकळलेलं पाणी नकोसं वाटायला गावातली मुलं लहानपणीच शिकत. शिवाय दिवसभराच्या कामात वेगळं जळण आणि वेगळा वेळ काढायचा कुठून? जी बाई कायम आजारी असायची तिला पाणी उकळणं सहज जमलं, कारण गावाच्या दृष्टीने ते तिला साजेसंच होतं. दुसरी एक डोंगराकडून येऊन वसलेली होती. गावाने तिला आपलं मानलं नव्हतं, त्यामुळे गाव काय म्हणेल याची तिला फिकीर नव्हती, आणि नेलिदासारख्या बाईची ओळख तिला हवी होती. गावात रुळलेल्या, चारचौघींत मान असलेल्या बायकांनी मात्र ऐकलं नाही.

उष्ण आणि थंड म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. बाळंतिणीच्या ताटात काय वाढायचं आणि काय नाही, हे आपल्याकडेही याच हिशेबाने ठरत आलं आहे. वेलिनचा हा अभ्यास बेंजामिन पॉल यांनी संपादित केलेल्या ‘हेल्थ, कल्चर अँड कम्युनिटी’ या १९५५च्या ग्रंथात आला, आणि वैद्यकीय मानवशास्त्र शिकणाऱ्यांच्या पिढ्यांनी तो वाचला. या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल लिहायचं तर सुरुवात इथून करावीशी वाटते. कारण लॉस मोलिनोसची गोष्ट ऐकली की मनात पहिलं उत्तर येतं, ‘लोक अडाणी आहेत.’ थोडं वाचन झालेल्याच्या मनात दुसरं उत्तर येतं, ‘ती त्यांची संस्कृती आहे.’ पहिल्या उत्तरापाशी थांबू नये हे समजायला एक सत्र पुरतं. दुसऱ्या उत्तरापाशीही थांबू नये हे समजायला उरलेला सगळा अभ्यासक्रम लागतो, आणि माझ्या मते या शिक्षणाचं खरं मोल त्या दुसऱ्या टप्प्यात आहे.

इरावती कर्वे यांच्यामुळे मानवशास्त्र हे नाव मराठी वाचकाला अनोळखी नाही. माणसांचे देह, नातीगोती, श्रद्धा, राहणी यांचा एकत्र विचार करणारं हे शास्त्र. त्याची जी शाखा आजार, उपचार, जन्म, मृत्यू आणि ते सांभाळणाऱ्या संस्थांकडे पाहते ती वैद्यकीय मानवशास्त्र. तिच्या पूर्वजांत पहिलं नाव घेतलं जातं ते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांचं. ते स्वतः डॉक्टर होते. १८९८ साली केंब्रिजहून टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेलेल्या मोहिमेत ते होते, नंतर निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहून त्यांनी १९०६ साली त्यांच्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पहिल्या महायुद्धात मनाने कोलमडलेल्या सैनिकांवर उपचार केले. १९१५-१६ मध्ये लंडनच्या डॉक्टरांपुढे दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी मांडलं की, दूरदूरच्या जमातींचे उपचार विस्कळीत किंवा लहरी नसतात. आजाराचं कारण जे मानलं आहे त्याला धरून ते तर्काने आलेले असतात. शंभर वर्षांपूर्वीच्या साम्राज्याच्या राजधानीत हे म्हणणं साधं नव्हतं.

या शाखेने काय साधलं याचं एक उदाहरण मी विस्ताराने सांगणार आहे, कारण ते सांगितल्याशिवाय ‘लोकांशी बोलून काय होतं?’ या प्रश्नाचं उत्तर पूर्ण होत नाही. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात फोरे नावाचे लोक राहतात. १९५०च्या दशकात त्यांच्यात कुरू नावाच्या आजाराने शेकडो माणसं मरत होती. चालताना तोल जायचा, अंग थरथरायचं, काही महिन्यांत माणूस जायचा. मरणाऱ्यांत बहुतेक बायका आणि मुलं. काही वस्त्यांत बायका इतक्या कमी उरल्या की आईविना वाढणाऱ्या मुलांचं काय करायचं हा प्रश्न पडला. एकाच घराण्यात रुग्ण सापडतात म्हणून डॉक्टरांना तो आनुवंशिक आजार वाटत होता. फोरे लोकांना खात्री होती की हे चेटूक आहे.

१९६१ साली शर्ली लिंडनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे दोघे मानवशास्त्रज्ञ तिथे राहायला गेले. त्यांचं काम दिसायला साधं होतं. कोण कुणाचं कोण, कोण कधी वारलं, गावात पहिला कुरू कुणाला झाला, याच्या वंशावळ्या लिहायच्या. वडीलधाऱ्या माणसांना पहिले रुग्ण नावानिशी आठवत होते. म्हणजे आजार पिढ्यान्‌पिढ्यांचा नव्हता, गेल्या काही दशकांत आला होता. इतक्या थोड्या काळात इतका पसरलेला आजार निव्वळ आनुवंशिक असणं अवघड. मग आणखी एक गोष्ट पुढे आली. मृत आप्ताचा देह खाण्याची रीतही तिथे अलीकडचीच होती. देह खाण्यात प्रामुख्याने बायका असत, त्यांच्याबरोबर लहान मुलं. मोठे पुरुष बहुधा दूर राहत. कुणाला कुरू होतो आणि कुणाला नाही, हे कोडं त्याने उलगडलं. १९६६ साली कार्लटन गायडुसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार चिंपांझींना देता येतो हे प्रयोगाने दाखवलं. गायडुसेक यांना १९७६ साली नोबेल मिळालं. ती रीत बंद झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांना कुरू झाला नाही. प्रयोगशाळेला जे दिसलं नाही ते नात्यांच्या तक्त्यांनी दाखवलं. लिंडनबॉम यांनी पुढे १९७९ साली ‘कुरू सॉर्सरी’ हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी चेटकाच्या समजुतीची टर उडवली नाही. आपला समाज संपतो आहे असं वाटणारी माणसं एकमेकांवर कसा संशय घेतात आणि एकमेकांना कसं सांभाळतात, हे त्यांनी लिहिलं.

या शाखेला आजचं रूप देणाऱ्यांत आर्थर क्लाइनमन यांचं नाव फार मोठं आहे. ते मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञही. तैवानमधल्या कामावरचा त्यांचा ग्रंथ १९८० साली आला. डॉक्टरला दिसतो तो शरीरातला बिघाड, आणि रुग्ण व त्याचं घर जगतं ते आजारपण, या दोन गोष्टी वेगळ्या धरून पाहायला त्यांनी शिकवलं. रक्तातली साखर उतरली म्हणून माणसाचं आजारपण संपतं असं नाही, आणि सगळे रिपोर्ट चांगले आले तरी माणूस खरोखर आजारी असू शकतो. १९७८ साली त्यांनी लिऑन आयझेनबर्ग आणि बायरन गुड यांच्यासह डॉक्टरांसाठी काही प्रश्न सुचवले. तुमच्या मते हे कशामुळे झालं? याच वेळी का झालं? कोणता उपचार मिळायला हवा असं तुम्हाला वाटतं? या आजाराची सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? प्रश्न सोपे आहेत. पण आपल्या ओपीडीत हे विचारल्याचं शेवटचं कधी ऐकलं, हे वाचकाने आठवून पाहावं.

क्लाइनमन यांनी चीनमधल्या हुनान प्रांतात अशक्तपणा, डोकेदुखी, झोप न लागणं अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी पुष्कळांना पाश्चात्त्य निकषांनी नैराश्य होतं. पण ते बोलत होते शरीराबद्दल, आणि त्या शरीरामागे सांस्कृतिक क्रांतीत सोसलेलं सारं काही होतं. हे आपल्यापासून लांबचं नाही. पुण्यात मनोविकार, मेडिसिन, त्वचारोग आणि आयुर्वेद अशा चार विभागांच्या ओपीडीत थकवा आणि अशक्तपणाची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांचा याच पद्धतीने अभ्यास झाला आणि तो २०११ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाने आपल्या आजाराचा लावलेला अर्थ शिस्तीत नोंदवता यावा म्हणून मिचेल वाइस आणि सहकाऱ्यांनी एक मुलाखत-पद्धत तयार केली. तिचा १९९२ साली प्रसिद्ध झालेला पाया मुंबईतल्या कुष्ठरोग्यांसोबतच्या कामात आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या निदानसंहितेत रुग्णाचं सांस्कृतिक विश्व समजून घेणारी मुलाखत आली, ती आधी ज्या ठिकाणी तपासली गेली त्यांत पुणेही होतं. या विषयाचा विद्यार्थी महाराष्ट्रातला असेल तर त्याला परंपरा शोधायला दूर जावं लागत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं.

समजुती फक्त खेड्यात किंवा आदिवासींतच असतात, असं कुणी मानू नये. लंडनच्या उपनगरात डॉक्टरकी करणाऱ्या सेसिल हेलमन यांनी १९७८ साली आपल्याच परिसरातल्या लोकांच्या सर्दी-तापाच्या कल्पनांवर लेख लिहिला. ओल्या केसांनी बाहेर पडलं, वारा लागला की सर्दी होते आणि तो आपला निष्काळजीपणा. ताप मात्र जंतूंमुळे, त्यात आपला दोष नाही. जंतूंची कल्पना लोकांनी आपल्या जुन्या आराखड्यात बसवून घेतली होती, आणि डॉक्टरही रुग्णाच्या भाषेत बोलून, त्याला हवं ते औषध लिहून तो आराखडा पक्का करत होते. हेलमन यांचं ‘कल्चर, हेल्थ अँड इलनेस’ हे १९८४चं पाठ्यपुस्तक आजही नवख्या विद्यार्थ्याने हातात घ्यावं असं आहे.

इथवर आलं की दुसरं उत्तर भुरळ घालू लागतं. प्रत्येक गोष्टीला ‘त्यांची संस्कृती’ हे कारण सापडतं. या टप्प्यावर पॉल फार्मर वाचावेत. हार्वर्डमधून वैद्यक आणि मानवशास्त्र दोन्हींचं शिक्षण घेतलेल्या या माणसाने हैतीच्या मध्य पठारावर, कांज नावाच्या गावी आयुष्याचा मोठा भाग काढला आणि २०२२ साली रवांडात काम करतानाच तो गेला. हैतीत क्षयाचे रुग्ण उपचार अर्धवट सोडतात, कारण त्यांना वाटतं की आजार करणीने होतो, असं तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचं मत होतं. फार्मर आणि सहकाऱ्यांनी दोन गट घेतले. औषधं दोघांनाही फुकट. एका गटाला त्याशिवाय दरमहा थोडे पैसे, पोषक आहार, दवाखान्यात येण्याचा प्रवासखर्च, आणि घरी येऊन चौकशी करणारा गावातलाच आरोग्य कार्यकर्ता. ज्यांना हे सगळं मिळालं ते बरे झाले. नुसती औषधं मिळालेल्यांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण खूपच खाली राहिलं. करणीवर विश्वास दोन्ही गटांत सारखाच होता. त्याचा निकालाशी काही संबंध लागला नाही.

हा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. लोकांच्या श्रद्धेला दोष देणं आरोग्य व्यवस्थेला नेहमीच सोयीचं असतं, कारण श्रद्धेसाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही. प्रवासखर्चासाठी करावी लागते. गरिबी, जात, वर्ग, बाईपण यांमुळे माणसांच्या देहावर जो आघात होतो आणि ज्याला कुणी एक गुन्हेगार दाखवता येत नाही, त्याला फार्मर यांनी संरचनात्मक हिंसा म्हटलं. ही संज्ञा त्यांनी योहान गाल्टुंग यांच्याकडून घेतली.

मेळघाटात तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देण्याची ‘डंबा’ नावाची प्रथा आहे. अधूनमधून तिची बातमी येते आणि ‘अघोरी’ या एका विशेषणात संपते. प्रथा घातक आहे, त्यात दुमत नको. पण विद्यार्थ्याने विचारायचं ते पुढचं. बाळाचं पोट का फुगतं? जन्मताना त्याचं वजन किती होतं, आईने गरोदरपणात काय खाल्लं? रात्री त्या पाड्यावरून उपकेंद्रापर्यंत जायला काय मिळतं, आणि तिथे पोचल्यावर कोण भेटतं? भूमका, म्हणजे गावातला पारंपरिक उपचार करणारा, हाकेला येतो, आपल्या भाषेत बोलतो, रागवत नाही. एवढं दुसरं कुणी करतं का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी लोकांना विचारून त्यांच्या घरांसारखा दवाखाना उभारला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. हे दोघे मानवशास्त्राचे प्राध्यापक नाहीत, पण या शास्त्राच्या वर्गात त्यांचं काम शिकवलं गेलं पाहिजे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न मात्र असा आहे की त्यावर पदव्युत्तर वर्गाचं एक अख्खं सत्र खर्ची घालावं. २०१९ साली त्यांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचं उजेडात आलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पुष्कळजणी तरुण होत्या.

हा आजार कुठे आहे? स्त्रीरोगतज्ज्ञ सांगेल, गर्भाशयात. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, पाळीला त्रास होतो. क्लाइनमन यांचे प्रश्न विचारले की कळतं, बाईला भीती कॅन्सरची आहे, आणि ती भीती पुष्कळदा दवाखान्यातच घातली गेली आहे. पण प्रश्न तिथे थांबवता येत नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती घर, लग्न, दुखणं यांत संपलेली असते, आणि ती फेडायची तर हंगामभर फडात उभं राहावं लागतं. एक दिवस चुकला की खाडा पडतो, त्याचा दंड. पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायच्या. कोपीत न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी लांब. मुली लवकर उजवल्या जातात, मुलं लवकर होतात, म्हणून ‘आता पिशवीचं काय काम?’ हा प्रश्न तिशीच्या आतच विचारला जातो. अशा बाईने ऑपरेशनला होकार दिला, तर त्या होकाराला काय म्हणायचं? तिला फसवलं असं म्हटलं तर तिने मांडलेला हिशेब नाकारला जातो. तिने निवड केली असं म्हटलं तर उचल, खाडा आणि मुकादम दिसेनासे होतात.

असा प्रश्न दोन्ही बाजूंनी धरून ठेवणं, हे या शाखेत शिकायचं कौशल्य आहे. त्यासाठी फक्त बाईशी बोलून भागत नाही. मुकादमाकडे बसावं लागतं, त्याची वही पाहावी लागते. साखर कारखान्याचा हंगाम कसा ठरतो ते समजून घ्यावं लागतं. खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरशी बोलावं लागतं, आणि त्याला आधीच आरोपी ठरवून चालत नाही. सोनोग्राफीचा कागद बाई घरी कशी जपून ठेवते, तो कुणाला दाखवते, हेही पाहावं लागतं.

आता प्रत्यक्ष अभ्यासक्रमाकडे वळू. भारतात वैद्यकीय मानवशास्त्राची स्वतंत्र पदवी मिळणारी ठिकाणं थोडी. बहुधा मानवशास्त्राच्या एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या चार सत्रांत हा एक विषय असतो आणि प्रबंधिका त्यात करता येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, दिल्ली, कलकत्ता आणि हैदराबाद विद्यापीठ यांत मानवशास्त्राचे विभाग आहेत. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचं सामाजिक वैद्यक केंद्र आणि मुंबईतली टाटा समाजविज्ञान संस्था यांत वाट जरा वेगळी असली तरी प्रश्न हेच भेटतात. परदेशात लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज, ऑक्सफर्ड, एडिंबरा, अ‍ॅमस्टरडॅम इथे वैद्यकीय मानवशास्त्राचे खास पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. ब्रिटनमध्ये ते बहुधा एका वर्षाचे असतात. एका वर्षात सिद्धान्त, पद्धती आणि प्रबंधिका हे सगळं होतं, म्हणजे वाचनाचा वेग फार असतो. आपल्याकडच्या दोन वर्षांत क्षेत्रकार्याला जास्त श्वास मिळतो, हा आपला फायदा आहे. परदेशी जायचं तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. त्याशिवाय कॉमनवेल्थ, चेव्हनिंग, फेलिक्स या शिष्यवृत्त्यांचे अर्ज वेळेत करावेत.

वर्गात एमबीबीएस किंवा बीएएमएस झालेला विद्यार्थी असतो, परिचारिका असते, समाजशास्त्राची किंवा समाजकार्याची पदवी घेतलेली मुलगी असते. डॉक्टर असलेल्याला सगळ्यात जड जातं गप्प बसणं. समोरची आजी चुकीचं काही सांगते आहे हे त्याला कळत असतं, उत्तर ओठांवर असतं, आणि तरीही तिचं बोलणं तिच्या क्रमाने पूर्ण होऊ द्यायचं असतं. अर्थात मूल तापाने फणफणलं असेल तर वही मिटून त्याला दवाखान्यात न्यायचं. त्या क्षणी संशोधन दुय्यम. समाजशास्त्राकडून आलेल्याची अडचण उलटी असते. त्याला डॉक्टर म्हणजे सत्ता, औषध म्हणजे बाजार एवढंच दिसतं. त्याने थोडं शरीरशास्त्र, थोडं साथरोगशास्त्र मनापासून शिकावं, आणि अ‍ॅनमरी मोल यांचं ‘द बॉडी मल्टिपल’ हे २००२चं पुस्तक वाचावं. नेदरलँड्समधल्या एका रुग्णालयात रक्तवाहिन्या कठीण होण्याचा एकच आजार बाह्यरुग्ण कक्षात, सूक्ष्मदर्शकाखाली आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर कसा वेगवेगळा ‘घडतो’ ते त्यांनी दाखवलं आहे. ते वाचल्यावर आधुनिक वैद्यक हाही तितक्याच आदराने आणि बारकाईने पाहायचा विषय वाटू लागतो.

क्षेत्रकार्य हा या शिक्षणाचा कणा. प्रश्नावली भरून घेऊन परतणं म्हणजे क्षेत्रकार्य नव्हे. आरोग्य केंद्राच्या बाकावर सकाळपासून बसायचं. केसपेपरची रांग कुणाची किती लांब, बाईच्या वतीने उत्तर कोण देतं, गोळ्यांची पुडी घरी गेल्यावर कुणाकुणात वाटली जाते, हे टिपायचं. लोक सांगतात एक आणि करतात दुसरं, यात खोटेपणा नसतो. दोन्ही नोंदवायचं आणि मधलं अंतर का पडतं ते शोधायचं. टिपणं त्याच रात्री लिहायची, दुसऱ्या दिवशी निम्मं विसरलेलं असतं. क्षेत्रात उतरण्याआधी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी घ्यायची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना समाजशास्त्रीय आरोग्य संशोधनालाही लागू आहेत. संमतीचा कागद महत्त्वाचा, पण आपली गोष्ट छापून आली तर गावात आपल्याला ओळखलं जाईल का, ही त्या बाईची काळजी कागदाने मिटत नाही. नाव बदललं तरी छोट्या गावात तपशिलांवरून माणूस कळतो. काय लिहायचं नाही हे ठरवणं इथे शिकावं लागतं.

हे शिकून काय करता येतं, असं पालक विचारतात आणि ते विचारणं रास्त आहे. ‘वैद्यकीय मानवशास्त्रज्ञ पाहिजे’ अशा जाहिराती आपल्याकडे फारशा दिसत नाहीत. सार्वजनिक आरोग्य संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, अध्यापन, आरोग्य कार्यक्रमांचं मूल्यमापन, अशा वाटांनी काम मिळतं. संकटात मात्र या माणसांची आठवण होते. युगांडातल्या गुलू भागात २०००-०१ मध्ये इबोलाची साथ आली तेव्हा बॅरी हेवलेट या मानवशास्त्रज्ञाला असं आढळलं की तिथल्या अचोली लोकांकडे साथीसाठी स्वतःचे नियम आधीपासून होते. रुग्णाला वेगळ्या घरात ठेवायचं, त्याची सेवा आजारातून वाचलेल्याने करायची, घराबाहेर खूण म्हणून उंच गवताच्या काठ्या रोवायच्या, गावोगाव फिरणं थांबवायचं. हे आरोग्य खात्याच्या सूचनांना पूरकच होतं. पुढे २०१४-१५ मध्ये पश्चिम आफ्रिकेत ११ हजारांहून अधिक माणसं इबोलाने गेली. तिथे सुरुवातीला प्रेतं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून परस्पर पुरली जात, म्हणून घरचे लोक आजार लपवू लागले. मानवशास्त्रज्ञांच्या आग्रहानंतर अंत्यविधीच्या नियमांत सुरक्षिततेबरोबर सन्मानही आला. नातलगांना थोड्या अंतरावरून का होईना, प्रार्थना करता येऊ लागली.

आपल्याकडे आत्ता अभ्यासकाची वाट पाहणारे विषय पुष्कळ आहेत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच पाहा. २०४७पर्यंत या आजाराचं उच्चाटन करण्यासाठी २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणी होते आणि त्या व्यक्तीला तिच्या स्थितीचं कार्ड मिळतं. लग्न ठरवताना दोघांची कार्डं पाहावीत अशी अपेक्षा. विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. पण सोयरीक जुळवताना ते कार्ड खरोखर पुढे येतं का? मुलीचं आधी मागतात की मुलाचं? नुसती वाहक असलेली मुलगी, जिला स्वतःला काहीच त्रास नाही, आजारी म्हणून ओळखली जाऊ लागते का? आशाताईला हे सगळं ठाऊक असतं, तिला कुणी सविस्तर विचारतं का? याची उत्तरं प्रयोगशाळेत नाहीत. गोंडी, पावरी, भिली किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या, त्या घरांत चहा घेऊ शकणाऱ्या विद्यार्थ्याला ती मिळतील. ज्यांच्या घरी त्या बोली बोलल्या जातात अशी मुलंमुली या वर्गात यायला हवीत, आणि त्यांना आणण्यासाठी विद्यापीठांनी आश्रमशाळांपर्यंत, तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत जायला हवं.